‘ट्रिंग’ या शब्दामागील नाद

मराठी कथा-कादंबऱ्यांतील टेलिफोन ‘खणखणतो’, क्वचित ‘घणघणतो’. मुलांच्या गोष्टींत तो ‘ट्रिंग ट्रिंग’ करतो. हे शब्द आजही लिहिले जातात. परंतु ज्या नादाचे ते अनुकरण होत असे आपण वर्गात सांगतो, तो नाद आज आपल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष ऐकलेला असतो. खिशातला टेलिफोन गाणे म्हणतो, भजन म्हणतो, नाही तर नुसताच थरथरतो. अनुकरणवाचक शब्दांचा विचार करावयाचा आणि मूळ ध्वनी मात्र समोर नसावयाचा, ही अडचण लहान नाही. कावळा अजून ओरडतो, म्हणून ‘काव काव’ हा शब्द आणि तो आवाज शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. टेलिफोनच्या बाबतीत शब्द मागे उरला आणि आवाज गेला. मग शब्दातील कोणता अंश नादापासून आला आणि कोणता अंश भाषेने आपल्या पदरचा घातला, हे ठरवावयाचे कशाने?

ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, असे यावर कोणी म्हणेल. आहेत, परंतु मुद्रित घंटा ही एका यंत्राची, एका एक्स्चेंजची, एका वेळची घंटा असते. तिच्यातील एक घटक बदलावा आणि बाकीचे स्थिर ठेवावेत, असे तिच्या बाबतीत करता येत नाही; आणि असे केल्यावाचून कोणता घटक कशाला कारण आहे ते कळत नाही. याकरिता मूळ यंत्रच हाती घेऊन, आपल्याला हवे तेव्हा आणि हवे तसे वाजविता आले पाहिजे.

उमरेडसारख्या तालुक्याच्या गावी हे यंत्र अजून मिळते. तबकडीचा काळा टेलिफोन जुन्या घरांतून शोभेची वस्तू म्हणून ठेवलेला असतो, किंवा भंगाराच्या दुकानात वजनावर विकला जातो. तार कधीच काढून टाकलेली असते. यंत्राच्या पोटातील घंटा मात्र बहुधा शाबूत असते. ती वाजविण्यास लागणारी सामग्रीही गावातच असते, आणि ती शोधावयास फार लांब जावे लागत नाही. लग्नाच्या मांडवात, भागवत सप्ताहात, नाटकाच्या पडद्यामागे जो ध्वनिवर्धक, म्हणजे सर्वांच्या तोंडचा अँप्लिफायर, असतो, तोच या कामी येतो. ही जोडणी कशी करावी हे प्रस्तुत लेखात प्रथम सांगावयाचे आहे. आणि ती केल्यावर ‘ट्रिंग’ या एवढ्याशा शब्दाचे निरनिराळे अंश निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले दिसू लागतात, हे त्यानंतर.

घंटेची रचना पाहू. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने टेलिफोनचे एकस्व १८७६ मध्ये मिळविले, तेव्हा त्या यंत्रात पलीकडच्या माणसाला हाक मारण्याची काही सोय नव्हती. बेलचा सहकारी टॉमस वॉटसन याने १८७८ मध्ये ध्रुवित घंटा सिद्ध केली, आणि पुढे शंभर वर्षे थोड्याबहुत फेरफाराने तीच जगभर वाजत राहिली. आपल्याकडे २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील एक्स्चेंजे सुरू झाली; १९४८ मध्ये बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना निघाला व देशी बनावटीची यंत्रे मिळू लागली. त्यांतील घंटेचे तत्त्व हेच होते. एक कायमचा चुंबक, तारेची दोन वेटोळी, त्यांच्यासमोर डुलणारी लोखंडी पट्टी, पट्टीच्या काडीच्या टोकाला लहानसा गोळा, आणि गोळ्याच्या दोन्ही बाजूंस धातूची एकेक वाटी. प्रवाह एका दिशेने वाहिला की गोळा उजव्या वाटीवर आपटतो, दिशा उलटली की डाव्या वाटीवर. म्हणून या घंटेला दिशा सतत पालटणारा, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाहच लागतो. बॅटरी जोडली तर गोळा एकदा ‘टण’ करून त्याच बाजूला चिकटून राहतो.

भारतीय एक्स्चेंजमधून येणाऱ्या घंटाप्रवाहाचे मान सुमारे ७५ व्होल्ट आणि सेकंदास २५ आवर्तने असे आहे. एका आवर्तनात गोळा दोनदा आपटतो, तेव्हा सेकंदात ५० आघात होतात. २५ एका वाटीवर, २५ दुसरीवर. हे आकडे ध्यानात ठेवावेत. पुढे शब्दाचा विचार करताना त्यांचाच उपयोग होणार आहे. घंटेच्या वेटोळ्यांशी एक धारित्र, मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, एकसरीत जोडलेले असते. एक्स्चेंजची बॅटरी तारेवर सदैव असते. तिचा एकदिश प्रवाह घंटेतून जाऊ नये पण घंटाप्रवाह जावा, अशी ही व्यवस्था. हे धारित्र बहुधा एक ते दोन मायक्रोफॅरडचे असते. २५ आवर्तनांना दोन मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे ३२०० ओहम इतका भरतो. त्यामुळे घंटा फार थोडा प्रवाह ओढते. ७५ व्होल्टवर तिची सारी भूक एक-दोन वॉटांत भागते. म्हणजे लागते ती शक्ती फार नव्हे; लागतो तो दाब, आणि तोही नेमक्या सावकाश गतीने पालटणारा.

आता ध्वनिवर्धकाकडे वळू. त्याचे काम कानाला ऐकू येणाऱ्या कंपनांचे विद्युत्-रूप मोठे करणे हे आहे. मनुष्याच्या कानाची खालची मर्यादा सेकंदास सुमारे २० कंपने इतकी धरतात. टेलिफोनचा घंटाप्रवाह २५ चा, म्हणजे ऐकण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा. हाच प्रवाह लाउडस्पीकरला दिला तर कागदी पडदा डोळ्यांना हलताना दिसतो, कानाला जवळजवळ काही कळत नाही. टेलिफोनच्या घंटेचे खरे कार्य यावरून स्पष्ट होते : तारेतून आलेले जे कंपन कानाला स्वतःहून कळण्यासारखे नाही, त्याचे धातूच्या आघातांनी श्राव्य नादात रूपांतर करणे.

पहिली कल्पना अशी सुचते की लाउडस्पीकरच्या तारा काढाव्यात आणि त्याच टेलिफोनला जोडाव्यात. प्रस्तुत लेखकाने हेच केले आणि घंटा हलली नाही. काडीला किंचित कंप आला एवढेच. थोडे गणित केले असते तर हा प्रयत्न वाचला असता. आठ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट देणारा ध्वनिवर्धक त्या स्पीकरच्या टोकांशी केवळ २० व्होल्ट निर्माण करतो. शक्ती पन्नास वॉटांची आहे आणि लागते दोन वॉटांची, तरी घंटा वाजत नाही, कारण दाब चौथ्या हिश्शाएवढाच आहे. भरलेली विहीर आहे पण दोर आखूड आहे, तसा हा प्रकार.

सार्वजनिक ध्वनिक्षेपणाच्या अँप्लिफायरला मात्र मागील बाजूस आणखी एक जोडणी असते. तिच्याजवळ ‘१०० व्होल्ट’, काही यंत्रांवर ‘७० व्होल्ट’, असे लिहिलेले आढळते. कर्णे गावभर लांब लांब टांगावयाचे असतात. इतक्या लांबीच्या बारीक तारेतून मोठा प्रवाह नेला तर तो वाटेतच उष्णतेत जिरतो. म्हणून यंत्रातच ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रोहित्र, बसवून दाब वाढवितात, आणि प्रत्येक कर्ण्याजवळ लहानसा ट्रान्सफॉर्मर ठेवून तो पुन्हा उतरवितात. वीजमंडळाच्या मोठ्या वाहिन्यांची हीच युक्ती. टेलिफोनला लागणारा दाब या जोडणीवर तयारच असल्यामुळे प्रश्न सुटला असे वाटते. पण तेथेही एक मेख आहे. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात मावणारे चुंबकत्व मर्यादित असते. कंपने जितकी सावकाश, तितका कमी दाब तो पेलतो. बोलण्या-गाण्यासाठी बांधलेल्या या यंत्रांची मर्यादा बहुधा ५० आवर्तनांच्या आसपास सुरू होते. जो गाभा ५० आवर्तनांना १०० व्होल्ट पेलतो, तो २५ आवर्तनांना ५० च पेलेल. पुढे आवाजाची कळ फिरवीत गेले तर दाब वाढत नाही; लहरीचा आकार बिघडतो आणि यंत्र तापू लागते. काही टेलिफोन ५० व्होल्टवरही मंदपणे वाजतात, काही वाजत नाहीत. ज्याला केवळ घंटा ऐकावयाची आहे त्याचे यावर भागेल. मापनासाठी ही वाट विश्वासाची नव्हे.

विश्वासाची वाट स्वस्तही आहे. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा साधा ट्रान्सफॉर्मर मिळतो. तो उलटा जोडावयाचा : अँप्लिफायरच्या स्पीकरच्या तारा १२ व्होल्टच्या बाजूला, टेलिफोन २३० व्होल्टच्या बाजूला. दाब या दिशेने सुमारे एकोणीसपट वाढतो, म्हणून ७५ व्होल्टसाठी अलीकडे चार व्होल्ट पुरतात. गाभ्याचीही अडचण पडत नाही, कारण ५० आवर्तनांना २३० व्होल्ट पेलणारा हा ट्रान्सफॉर्मर २५ आवर्तनांना ११५ पर्यंत पेलू शकतो आणि आपल्याला तेवढे नकोच आहेत. अँप्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये सुमारे चार ओहमचा, दहा वॉटांचा रोधक टाकावा. अन्यथा इतक्या सावकाश कंपनांना ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे म्हणजे जवळजवळ नुसती तारच ठरते व अँप्लिफायरवर ताण येतो. रोधकामुळे अलीकडे चाराऐवजी सहा-सात व्होल्ट द्यावे लागतात. वीस वॉटांचे घरगुती यंत्रही इतके सहज देते. मांडवातल्या मोठ्या अँप्लिफायरची मग गरज राहत नाही. पण तो हाताशी असेल तर उत्तम.

उरला तो मूळ संकेत. येथे आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना नवे काही शिकावे लागत नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली ‘प्राट’ ही संगणक-प्रणाली आपण स्वरांचे मापन करण्यासाठी वापरतोच. जी प्रणाली ध्वनी मोजते तीच ध्वनी घडवितेही. २५ आवर्तनांची शुद्ध ज्या-लहर तिला सूत्र देऊन क्षणात मिळते. ती संगणकातून किंवा मोबाइलमधून अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ या प्रवेशात सोडावी. माइकच्या प्रवेशात सोडू नये; तेथे खालची कंपने मुद्दाम गाळलेली असतात. आवाजाची कळ शून्यावर ठेवून आरंभ करावा आणि हळूहळू वाढवावी. एका ठिकाणी काडी थरथरू लागते, आणि आणखी किंचित फिरविली की घंटा एकदम पूर्ण आवाजात वाजते.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ७५ व्होल्टचा झटका हा लहान झटका नव्हे. ओल्या हाताने तो धोक्याचाही ठरू शकतो. उघड्या तारांना हात लावावयाचा तो कळ शून्यावर आणून. आणि हा प्रवाह चालू टेलिफोन-वाहिनीला कधीही जोडू नये. घंटेला भिंतीतील विजेचा प्रवाह देण्याचा मोह तर मुळीच धरू नये. तो दाबाने तिप्पट आणि गतीने दुप्पट. गोळ्याला इतक्या वेगाने डुलता येत नाही, वेटोळे जळते, आणि माणसाच्या जिवाशी गाठ असते. ज्यांच्याकडे प्रकाशतंतूची नवी जोडणी आहे त्यांना हा सर्व खटाटोप न करता तिच्या पेटीतील टेलिफोनच्या खोबणीतून जुने यंत्र बहुधा वाजविता येईल; पण घंटेची गती आणि लय तेथे पेटी ठरविते, आपण नव्हे, आणि आपल्याला तर तीच ठरवावयाची आहेत.

घंटा वाजली की पहिली गोष्ट लक्षात येते ती ‘र’ची. आघात सेकंदास पन्नास आहेत, परंतु कान त्यांना पन्नास म्हणून मोजत नाही. तो एक खरखरीत, थरथरता नाद ऐकतो. आघात सेकंदास पंधरा-वीसच्या वर गेले की ते सुटे ऐकू येत नाहीत, आणि सुस्वर सलगपणाही लगेच येत नाही. मधल्या प्रदेशात हा खरखरीतपणा असतो. आता जिभेकडे पाहा. कंपित ‘र’ उच्चारताना जिभेचे टोक हिरडीपाशी सेकंदास सुमारे वीस ते तीस वेळा फडफडते. घंटाप्रवाहाची २५ आवर्तने याच टापूत पडतात. टेलिफोनच्या अभियंत्यांनी हा आकडा जिभेकडे पाहून निवडला नाही, हे उघड आहे. हाताने फिरवावयाच्या जुन्या मॅग्नेटोचा वेग, लोखंडाचे वजन, तारेची लांबी अशी त्याची कारणे यांत्रिक आहेत. परंतु परिणाम असा झाला की ज्या नादाची नक्कल मनुष्याच्या मुखात एकाच ध्वनीला जमण्यासारखी होती, नेमका तसा नाद यंत्रातून निघाला. संगणकावर आकडा बदलून हे पडताळता येते. २५ च्या जागी १० घातले, तर घंटा दुबळी होते, आघात सुटे होतात आणि ‘र’ नाहीसा होतो. जे ऐकू येते त्याला ‘टणटण’ हा शब्द अधिक शोभेल. वाट्या त्याच, गोळा तोच, यंत्र तेच. गेला तो केवळ प्रवाहाचा वेग. तेव्हा ‘ट्रिंग’मधील ‘र’ हा प्रवाहाचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘इं’ची गोष्ट वेगळी. तो वाट्यांचा आहे. लहान धातूच्या वाटीची कंपने कित्येक शेकड्यांपासून काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेली असतात, आणि ‘इ’ या स्वरात मुखाचा दुसरा अनुनाद दोन हजारांच्या आसपास किंवा वर जातो. ‘अ’मध्ये तो बराच खाली असतो. लहान, बारीक, उंच आवाजाला ‘इ’ आणि मोठ्या, खोल आवाजाला ‘अ’ किंवा ‘आ’, ही वाटणी अनेक भाषांत आढळते. येस्पर्सन याने १९२२ मध्ये आणि सपीर याने १९२९ मध्ये तिचा विचार केला आहे. मराठीत ‘किणकिण’ बांगड्यांची, ‘खणखण’ नाण्यांची आणि ‘घणघण’ देवळातील घंटेची. या तिहींत वस्तूचे आकारमान स्वराने आणि आद्य व्यंजनाने सांगितलेले आहे. टेलिफोनला ‘किणकिणणे’ हे क्रियापद का मिळाले नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. यंत्राची घंटा बांगड्यांहून फार मोठ्याने वाजते हे एक कारण असावे; पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण असे की ‘खणखणणे’ या क्रियापदात निकड आहे, हुकूम आहे. टेलिफोन हा उठावयास लावणारा आवाज आहे. अर्थात् येथे आपण नादाच्या प्रदेशातून अर्थाच्या प्रदेशात शिरलो आहोत, आणि तेथे प्राटचा उपयोग नाही.

आद्य ‘ट्र’कडे पाहिले की भाषेचा हात दिसू लागतो. ‘ट्र’ने आरंभ होणारे शब्द मराठीत इंग्रजीतून आले : ट्रंक, ट्रक, ट्रेन. खेड्यात त्यांचे ‘टरंक’, ‘टरक’ होते. ‘खणखण’, ‘घणघण’ हे शब्द टेलिफोनच्या आधीचे आहेत. ते घंटेसाठी, नाण्यासाठी, शस्त्रासाठी होतेच, टेलिफोनने ते उसने घेतले. ‘ट्रिंग’ मात्र यंत्राबरोबर आला, आणि त्याची बांधणी परक्या शब्दांच्या बांधणीची आहे. अनुकरणवाचक शब्द निसर्गाचे असतात, म्हणून ते सर्व भाषांत सारखे असावेत, असे भाबडेपणाने मानणाऱ्यांना सोस्यूरने १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातच उत्तर दिले आहे : असे शब्दही भाषेच्या व्यवस्थेत शिरले की तिच्या नियमांनी बांधले जातात. याचे उदाहरण शोधावयास उमरेडच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. नागपूरच्या पूर्वेस झाडीपट्टीकडे जाऊ लागले की बोलीतून ‘ण’ नाहीसा होतो. पाणी ‘पानी’ होते, कोण ‘कोन’ होतो. झाडीबोलीच्या वर्णमालेत ‘ण’ला स्थानच नाही. साहजिकच ‘खणखण’ तेथे ‘खनखन’ आणि ‘घणघण’ ‘घनघन’ होते. घंटेने आपला नाद बदललेला नाही. पुण्याचा ‘ण’ आणि उमरेडचा ‘न’ यांपैकी घंटेशी अधिक इमानी कोण, असे कोणी विचारील तर उत्तर एकच : दोघेही सारखेच इमानी, कारण दोघेही आपापल्या बोलीत उपलब्ध असलेल्या अनुनासिकांनी काम भागवीत आहेत. प्रमाणभाषेतील रूप हेच नादाचे ‘शुद्ध’ अनुकरण आणि बोलीतील रूप म्हणजे त्याचा बिघाड, असा समज काही शालेय व्याकरणांनी पसरविला आहे, तो येथे टिकत नाही.

शेवटचा अंश द्विरुक्तीचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडे एक्स्चेंज घंटा वाजविते ती जोडीने : ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते, मग दोन सेकंद शांत राहते. ही लय ब्रिटिश पद्धतीची. एका तुकड्यात दहा आवर्तने, म्हणजे वीस आघात. शब्दात त्यांचे एक अक्षर होते, दोन तुकड्यांची दोन अक्षरे होतात, आणि मध्ये किंचित विराम. ‘ट्रिंग ट्रिंग’ हा शब्द या लयीवर इतका चपखल बसतो की लयीनेच तो घडविला असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र अमेरिकेतील घंटा एकेरी आहे. दोन सेकंद सलग वाजते आणि चार सेकंद थांबते. तरी तेथील मुलेही इंग्रजीत ‘रिंग रिंग’ असेच म्हणतात. दुसरीकडे, मराठीला द्विरुक्तीसाठी एक्स्चेंजची वाट पाहावी लागली नाही : टपटप, सळसळ, गडगड, खडखड. एमेनो याने १९६९ मध्ये दाखवून दिले की अनुकरणवाचक शब्दांची अशी दुहेरी बांधणी ही आर्य, द्राविड व मुंडा या तिन्ही कुलांतील भारतीय भाषांची समाईक खूण आहे. तेव्हा यंत्राची लय आणि भाषेची सवय या दोन गोष्टी येथे एकमेकींवर येऊन पडल्या आहेत, आणि केवळ शब्द पाहून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

ध्वनिवर्धकावर त्या वेगळ्या करता येतात. प्राटमध्ये विरामांची लांबी आपल्या हातात असते. अमेरिकन पद्धतीने दोन सेकंदांचा एकच तुकडा करावा. तिहेरी तुकडे करावेत. विराम अजिबात काढून टाकावा. ज्यांनी ही घंटा कधी ऐकलेली नाही अशा मुलांना ते ऐकवून जे ऐकले ते तोंडाने करून दाखविण्यास सांगावे, लिहून दाखविण्यास सांगू नये. कारण लिहावयास सांगितले की पुस्तकातला ‘ट्रिंग ट्रिंग’ पुढे येतो. सलग घंटेलाही मुले दुहेरी शब्दच वापरतील, तर द्विरुक्ती भाषेची. ‘ट्रिंऽऽग’ असे लांबवितील, तर लयीचा वाटा मानावा लागेल. शहरातील मुले आणि झाडीबोली बोलणारी मुले असे दोन गट घेतल्यास ‘ट्र’चाही निकाल त्याच वेळी लागेल. एम. ए.च्या लघुप्रबंधाला हा विषय पुरेसा आहे, आणि सामग्रीचा खर्च एका ट्रान्सफॉर्मरचा.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही ती येथे नमूद करावीशी वाटते. पलीकडची घंटा वाजत असताना फोन करणाऱ्याच्या कानात जो आवाज येतो, तो पलीकडच्या घंटेचा नसतो. तो एक्स्चेंज वेगळा तयार करते : ४०० हर्ट्झचा सूर, २५ हर्ट्झने चढउतार केलेला, त्याच दुहेरी लयीत. त्यात धातू नाही, वाटी नाही, म्हणून ‘इं’ नाही. पण २५ चा कंप आहे, म्हणून ‘र’ आहे. ‘टर्र टर्र’ असे त्याचे अनुकरण होऊ शकेल. तरीही आपण ‘घंटी वाजून राहिली, पण कोनी उचलत नाही’ असेच म्हणतो. एका घटनेला दोन कानांत दोन नाद आणि भाषेत शब्द एक.

हा सारा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. उमरेडहून भिवापूर-नागभीडच्या रस्त्याने पुढे गेले की झाडीपट्टीच्या रंगभूमीचा मुलूख लागतो. वडसा हे तिचे केंद्र. धान घरात आल्यावर, दिवाळीनंतरच्या महिन्यांत, तेथे गावोगाव रात्रभर नाटके चालतात आणि हजारो लोक ती पाहतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सामाजिक नाटकाच्या दिवाणखान्यात टेलिफोन असला, तर त्याची घंटा सामान्यतः मुद्रित असते व मंडपाच्या दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून येते. टेलिफोन मेजावर, आणि आवाज आकाशातून! ध्वनीची दिशा ओळखण्यात आपले कान फार तरबेज असतात. पुढच्या रांगेतील प्रेक्षकाला ही फसवणूक तत्काळ कळते. जो अँप्लिफायर कर्ण्यांना आवाज देतो, त्याच्यासारखाच एक लहान अँप्लिफायर आणि उलटा जोडलेला ट्रान्सफॉर्मर मेजाखाली ठेवला तर मेजावरचे यंत्र स्वतःच वाजेल.

मात्र एक काळजी घ्यावी लागते. खऱ्या एक्स्चेंजमध्ये रिसीव्हर उचलताच घंटाप्रवाह आपोआप तोडला जातो. आपल्या जोडणीला हे ज्ञान नाही. नटाने रिसीव्हर उचलला आणि पडद्यामागच्या माणसाने कळ बंद करण्यास क्षणभर उशीर केला, तर तोच प्रवाह बोलण्याच्या मंडलात शिरतो आणि नटाच्या कानात भयंकर घरघर होते. म्हणून तारा टेलिफोनच्या बाहेरील टोकांना न जोडता आत, घंटा आणि धारित्र यांच्या जोडीलाच जोडाव्यात, व त्यांपैकी एक तार रिसीव्हरखालच्या खटक्याच्या अशा पाकळीतून न्यावी जी रिसीव्हर उचलताच सुटते. मग नट आपल्या हातानेच घंटा थांबवितो. प्रवाह तुटला तरी वाट्या आणखी थोडा वेळ गुणगुणत राहतात. अखेरचा आघात होऊन गेल्यावर उरलेला, विरत जाणारा हा नाद म्हणजेच शब्दातील अंत्य अनुनासिक, आणि रिसीव्हर कानाशी नेईपर्यंत तो ऐकू येतो.